वायर काढलेला सेट

खोटं वाटत असन तं अथीच थांबा. मले कोणाले पटवायचं नाई.

पण हे झालं. माझ्या डोळ्यासमोर झालं. नागपूरजवळचं बेसा, आमचं लेआउट म्हणजे आमची कॉलनी, गेल्या एप्रिलमधला शनिवार, दिवेलागणीची वेळ.

आमच्या बाजूले नत्थूजी काका राहत होते. काकू वारल्या, पोरगा पियूषदादा पुण्याले. काकाच्या गच्चीवरच्या खोलीत हॅम रेडिओ होता. म्हणजे सरकारचं लायसन काढून, घरी बसून दूरदूरच्या लोकांशी बोलायचा वायरलेस सेट. खोलीबाहेर उंच पाइप, त्याच्यावर अँटेना.

म्या शाळा सोडली तवा जो तो मले ज्ञान पाजून राहिला होता. काका एकटे म्हणाले, "काम नाई ना तुले? मंग हा सोल्डर धर."

तवापासून मी तथीच.

काकाचे नियम कडक. वीज कडाडली का अँटेनाची वायर सेटमधून उपसायची अन् तिचं टोक काचेच्या बरणीत टाकून द्यायचं. अन् वायर काढली असन तं माइकचं बटन दाबायचं नाई. कधीच नाई. आवाज बाहेर जायले रस्ता नसते, सेट आतल्या आत जळते.

एकदा माझा हात नुसता बटनाजवळ गेला होता, तं पाठीत रट्टा बसला होता.

"सेट मारतं का बे, ऋषी?"

मंग ते अवकाळी आलं. गारा, वारा, सगळं. काकानं वायर बरणीत टाकली. पण तिकडं कळमेश्वर गावच्या एक भैरवीताई, त्याही हॅमवाल्या. त्याइच्या घरावर झाड पडलं होतं, फोन बंद, अन् सकाळपासून त्या सेटवरूनच मदत मागून राहिल्या होत्या. पाऊस जरा कमी झाल्यासारखा वाटला.

"बाई एकटी आहे गा तथी," काका म्हणाले.

अन् वायर परत लावली.

मी जिन्यात होतो. पांढरा उजेड पडला... अन् कानात काहीच उरलं नाई.

वर गेलो तं काका खुर्चीत. डोळे उघडे. अंगावर एक ओरखडा नाई. सेट मात्र काळा पडला होता.

दवाखान्यात सगळे रिपोर्ट चांगले निघाले. फक्त काका बोलत नव्हते. "धक्का बसला, येईन आवाज," डॉक्टर म्हणाले.

पियूषदादाचा फोन आला. पुण्याले जाऊन मला-तुला शिकलेला माणूस.

"ऋषी, रविवारी येतोय मी. बाबांना घेऊन जातो. ते वरचं भंगार कोणाला तरी देऊन टाक."

भंगार! डोकं सटकलं माझं.

"अन् रविवारच्या आत काका बोलले तं? राहू देशीन अथीच?"

"बोलले तर बघू," म्हणाला. अन् हसला.

मी बर्डीच्या बाजारातून पार्ट आणले. जळलेलं सगळं काढलं, नवीन बसवलं. सेट चालू झाला तं काका बोलतीन, एवढंच डोक्यात. ते गेले असते तं मले या जगात विचारत कोण होतं?

काका खुर्चीत बसून पाहत राहत. अगोदर ते एक पाय मांडीखाली घेऊन बसत. नेहमीच. आता दोन्ही पाय खाली. फरशीले चिकटवल्यासारखे.

मले ते दिसलं होतं. पण मी काम करून राहिलो होतो.

शनिवारी संध्याकाळी डायलचा पिवळा लाइट लागला.

"काका, पाहा ना! आता तरी बोला!"

काका हलले नाई.

काम करताना म्या वायर काढून परत बरणीत टाकली होती, ती अजून तथीच होती. वायर नसली का सेटमधून नुसती बारीक खरखर येते.

पण खरखर नव्हती...

काहीच नव्हतं. पंखा फिरून राहिला होता, त्याचाही आवाज नाई. खाली पोट्टे क्रिकेट खेळून राहिले होते, त्याइचाही नाई.

मंग स्पीकरमधून कोणीतरी श्वास घेतला...

"ऋषी..."

काकाचा आवाज.

मी गर्रकन वळलो. काकाचे ओठ बंद.

"ऐकून राहिला का बे?"

"काका?" म्या सेटकडेच पाहून विचारलं.

"सगळं दिसून राहिलं मले. टेबल दिसते. तू दिसतं." लय दुरून, थकून आलेला आवाज. "पण बसू कुठी?"

म्या सेटले कान लावला.

"माझ्या खुर्चीवर कोण बसलं गा?"

म्या खुर्चीकडे पाहिलं.

काका माझ्याकडे पाहून राहिले होते. वीज पडल्यापासून पहिल्यांदा.

"वायर लाव, ऋषी. लवकर लाव. मले..."

मी बरणीकडे धावलो. वायरचं टोक हातात घेतलं. मागं टक् झालं.

काकानं माइक उचलला होता. अंगठा बटनावर. बटन दाबलं का समोरच्याचा आवाज बंद होते. तो झाला.

"काका, वायर नाई लावली! सोडा!"

नाई सोडलं. माझ्याकडे पाहत नुसतं दाबून धरलं. मी दोन्ही हातानं तो अंगठा ओढून राहिलो होतो. म्हाताऱ्याचा अंगठा, पण लोखंडाचा वाटे.

सेटमधून धूर निघाला. लाइट गेला.

अन् खालून पोट्ट्यांचा आवाज परत आला... "आउट! आउट बे!"

रविवारी पियूषदादा आला. म्या सगळं सांगितलं.

"गांजा ओढतोस का रे?"

सेट भंगारवाल्यानं नेला. काका गाडीत बसून गेले. गच्चीकडे एकदाही पाहिलं नाई त्याइनं.

जूनमध्ये फोन आला.

"ऋषी, बाबा बोलले! हे ऐक."

"पियूष, चहा आण बेटा," कोणीतरी बोललं. साफ. शांत.

तो काकाचा आवाज नव्हता. जरासाही नाई.

"दादा, हे काका नाई."

"मूर्खा, माझ्या बापाचा आवाज मला कळणार नाही?"

बापाले दिवाळीले एक फोन करणारा पोरगा. त्याले कसा कळन?

परवा परत फोन. दादा खूश.

"बाबा तुझी फार आठवण काढतात. विचारत होते, तो गच्चीवरचा पोरगा कुठे राहतो."

आमच्या अन् काकाच्या घरात एक भिंत फक्त. काकाले हे विचारायची गरज काहून पडन?

"मंग?" म्या विचारलं.

"मग काय, सांगितलं. तुला भेटायचंय त्यांना. पुढच्या आठवड्यात येतोय आम्ही."