शेजारी ठेवलेलं प्रस्थान

दिवे आल्याशिवाय कुणी खाली उतरू नका. जिन्याचा कठडा हलतो. बसा इथेच, मेणबत्ती तेवढी वाऱ्यापासून बाजूला घ्या. आणि काय रे, आज दुपारी आत्या म्हणाली, राहुकाळ आहे, तासाभराने नीघ, तर खो खो हसलास. हस बाबा. माझ्या ओळखीतला एक माणूस असाच हसायचा. जन्मभर हसला आणि एकदाच राहुकाळ पाळला. त्याची गोष्ट सांगतो.

काम म्हणाल तर अगदी किरकोळ होतं. समोरच्या घरातून एक पिशवी आणायची. त्याच मजल्यावर, दारासमोर दार. चप्पल घालायचीही गरज नाही, इतकं जवळ. पण त्या कामाला त्याने तीन आठवडे लावले.

हा माणूस फोटोंच्या फ्रेमा करायचा. मी त्याला काच कापून द्यायचो, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी त्याच्या दुकानात माझी खेप असायची. हात असा, की चार पट्ट्या जुळवल्या तर कोपऱ्यात केस शिरणार नाही. जीभ मात्र पाजळलेली. त्याचा थोरला भाऊ दुसऱ्या गावी असायचा, बसने दोन-अडीच तासांवर. हा थोरला पंचांग हातात घेऊनच जन्माला आलेला. रोजचा दीड तास राहूचा, त्यात नवं काम काढायचं नाही, प्रवासाला पाऊल उचलायचं नाही. रविवारी तो साडेचार ते सहा, सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ, सगळे वार त्याला तोंडपाठ. आणि राहुकाळात निघणं टळतच नसेल तर त्याच्यावर तोडगाही होता. त्याला प्रस्थान म्हणतात. वाईट वेळ लागायच्या आधी आपली एखादी वापरातली वस्तू, सदरा म्हणा, छत्री म्हणा, पिशवीत घालून शेजाऱ्याकडे ठेवायची. म्हणजे माणूस निघाला. मग देहाने तो सावकाश निघेना का. अट एकच. प्रस्थान ठेवलं की जायचंच. न जाता पिशवी घरात परत घ्यायची नाही.

धाकटा यावरून त्याला सळो की पळो करून सोडायचा. म्हणायचा, दादा, तुझ्यापेक्षा तुझी पिशवीच जास्त फिरलीय. थोरला नुसता हसायचा. तसा जीव होता दोघांचा एकमेकांवर. लहानपणी शाळेतून येताना दोघांत मिळून एक संत्रं घ्यायचे. थोरला ते सोलायचा, एका दमात, साल कुठेही तुटू न देता. मग फोडी मोजून निम्म्या धाकट्याला. एखादी जास्त निघाली तर तीही धाकट्यालाच.

पण आई गेली आणि सगळं फिसकटलं. आई धाकट्याकडे होती. दुपारभर दाराकडे बघत होती, थोरला आला का विचारत होती. थोरल्याने तिकडे नेमाने प्रस्थान ठेवलं, राहुकाळ संपू दिला, मग निघाला. पोचला तेव्हा आईचे डोळे मिटून तास उलटला होता. चारचौघांत धाकटा म्हणाला,

"तू कशाला आलास? पिशवी पाठवायचीस. ती तरी वेळेवर आली असती."

त्यानंतर सहा वर्षं दोघांत बोलणंच नव्हतं.

मग एका रविवारी, दुपारचे साडेतीन झाले असतील, पुतण्याचा फोन आला. बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत, डॉक्टर म्हणतात आजची रात्र निघाली तर निघाली, ते सारखं तुमचं नाव घेतायत, काका, या. बायकोने मिनिटभरही घालवलं नाही. खालच्या फळवाल्याकडून चार संत्री आणून पिशवीत टाकली, वर एक सदरा घातला. साडेचारची बस होती. धाकटा दारापर्यंत गेला, पायात चपला घातल्या. आणि तिथे त्याला काय वाटलं देव जाणे. परत फिरला, फोन उचलला आणि पुतण्याला म्हणाला, "आता राहुकाळ लागेल. प्रस्थान ठेवतो, संपला की निघतो. सांग तुझ्या बापाला, अगदी असंच सांग."

बायको बघतच राहिली. तुम्ही कधीपासून पाळायला लागलात, म्हणाली. त्यावर तो म्हणाला, आईच्या वेळी त्याला चाललं, मग आज त्याला चालेल.

पिशवी त्याने खरोखरच समोरच्या मावशींकडे नेऊन ठेवली. मावशी एकट्या राहायच्या, शिवणकाम करायच्या. त्यांनी ती दारामागच्या खुंटीला अडकवली. सहा वाजले. हा दुकानात जाऊन बसला. एक फ्रेम अर्धवट राहिली होती, ती पुरी करू आणि निघू, असं स्वतःला म्हणाला. फ्रेम पुरी झाली. मग दुसरी घेतली. शेवटची बस गेली. आता सकाळीच जाऊ म्हणाला. सकाळी साडेसातला पुन्हा राहू, हे आठवून त्याला हसूही आलं.

पहाटेच फोन वाजला.

तो तसाच, अंगावरच्या कपड्यांनिशी धावला. तिकडे सगळं आटोपल्यावर वहिनी त्याच्याजवळ येऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "भाऊजी, तुमचा निरोप ऐकून ते केवढे खूश झाले, माहीत आहे? म्हणाले, धाकट्याने प्रस्थान ठेवलं. माझं ऐकलं त्याने. म्हणजे निघाला तो."

टोमणा थोरल्याला लागलाच नव्हता. त्याने तो मान म्हणून घेतला होता. रात्रभर वॉर्डातल्या प्रत्येकाला सांगत होता, भाऊ निघालाय, उशीर होईल पण निघालाय. खाटेजवळचं स्टूल कुणाला उचलू दिलं नाही. पहाटेपर्यंत ते रिकामं होतं.

परत आल्यावर धाकट्याने पिशवीचं नाव काढलं नाही. राहू-बिहू तो मानत नव्हताच, पण ती पिशवी घरात आणायला त्याचा पाय उचलेना. न जाता परत घ्यायची नाही ना... आणि माणूस गेल्यावर धावणं म्हणजे काही जाणं नव्हे. दुकानात कुणाच्या फोटोला फ्रेम करताना हात थांबायचा. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाला, काच जरा जाड दे पुढच्या वेळी. त्याच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं, त्याच्याच तोंडून सगळं ऐकल्यावर.

आठ-दहा दिवसांनी मावशी त्याच्या बायकोला म्हणाल्या, तुमचे हे रात्री-अपरात्री माझं दार का वाजवतात? दोन बोटांनी, हळूच. आवाज यांच्यासारखाच, पण उघडावं तर कुणी नाही. बायको म्हणाली, अहो, हे तर माझ्या शेजारी झोपलेले असतात. पुढच्या आठवड्यात मावशींनी मशीनवर कापड टाकलं, घराचा मेन स्विच बंद केला आणि लेकीकडे राहायला गेल्या. जाताना किल्ली धाकट्याच्या हातात दिली. म्हणाल्या, "मी येईन तोवर तेवढी पिशवी घेऊन जा बाबा. तो कोण आहे तो, तिचीच चौकशी करतो."

काय विचारतो, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

तो दिवसही रविवारच होता. तिसरा. दिवसभर त्याने आत्ता जातो, मग जातो केलं. रात्रीचा एक वाजून गेला. अमावास्या होती, जिन्यात आजच्यासारखाच काळोख. झोप येईना, तेव्हा उठला. बायकोला उठवलं नाही. किल्ली घेतली, समोरचं दार उघडलं, आत गेला.

वाऱ्याने दार मागे लागलं. लागू दे, म्हणाला. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. मग मेन स्विचचं आठवलं. हातानेच चाचपत दारामागे वळला. खुंटी सापडली. पिशवी सापडली. काढायला हात वर केला, तर गुडघ्याला काहीतरी लागलं.

स्टूल होतं. मावशींचं मशीनचं स्टूल. मशीन तर पलीकडे खिडकीशी. हे दारामागे, पिशवीच्या खाली, कुणी आणून ठेवलं?

कुणीतरी इथे बसलं होतं.

तो हलला नाही.

दारावर टकटक झाली. दोन बोटांनी. हळूच.

बायको असेल... पण बायको हाक मारते.

पुन्हा टकटक. आणि मग आवाज. थकलेला. ओळखीचा. रागाचा लवलेश नाही त्यात.

"धाकट्या... निघालास का?"

जिभेवर एकच शब्द आला. हो. नेहमीचा, सोपा. हो दादा, निघालो. तेवढं म्हटलं असतं तर कदाचित तो आवाज समाधानाने गेला असता. त्या रात्री समाधानानेच गेला होता ना...

तोंड उघडलं. परत मिटलं.

"उशीर होऊ दे. निघालास ना?"

धाकटा खाली बसला. जमिनीवर. दाराला डोकं टेकलं.

"नाही दादा," तो म्हणाला. "मी निघालोच नव्हतो. तुला लागावं म्हणून ठेवली होती पिशवी."

बाहेर काही नाही.

पाऊल नाही. श्वास नाही.

किती वेळ...

मग वास आला. संत्र्याचा. आत्ता, या क्षणी कुणी नखाने साल उचलावी, तसा. बाहेरून नाही. डोक्यावरून. खुंटीकडून.

पहाटे बायकोला तो घरात दिसला नाही. ती समोर गेली, दार ढकललं, तर हा तसाच बसलेला, पिशवी मांडीवर. उजेड झाल्यावर तिनेच ती उघडली. वर सदरा होता, घडी न मोडलेला. खाली संत्री. तीन आठवडे बंद पिशवीतली, तीन आकसून काळी पडलेली, बुरशी आलेली. चौथ्याची नुसती साल होती. अखंड, कुठेही न तुटलेली. आणि त्या सालीत फोडी. ओल्या, रसरशीत.

निम्म्या.

काय म्हणालीस? उंदीर? अग, उंदीर संत्रं सोलून निम्मं मागे ठेवतात होय?

खाल्ल्या का त्याने त्या फोडी, ते मला ठाऊक नाही. विचारलं होतं मी. त्याने मान वळवली आणि पट्टीला रंधा मारत बसला. साल मात्र त्याने फ्रेम केली. काच मीच कापून दिली, हवी तशी जाड. मागून फळी बसवून, चारी कडा चिकटपट्टीने बंद करून, माझ्यासमोर. दुकानात गेलात तर दिसेल, गल्ल्याच्या मागे आहे. इतकी वर्षं झाली. वाळून पापड व्हायला हवी होती. नारिंगी आहे अजून.

आणि एक सांगतो, मग दिवे येवोत न येवोत, झोपायला जा. मी जन्मभर काच कापली. बंद फ्रेमच्या आत वारा शिरत नाही. पण दर रविवारी, सहा वाजले की, तो ती फ्रेम भिंतीवरून उतरवतो, मागची फळी सोडवतो आणि फडक्याने काच पुसतो. कुणीतरी अगदी जवळून श्वास सोडावा तशी वाफ धरलेली असते तिच्यावर.

आतल्या बाजूने.