आडव्या बाटलीचं गाव

दत्ताराम काजूच्या बागांमधल्या पायवाटेवर पालथा सापडला. श्वास होता, शुद्ध नव्हती, तोंडाला दारूचा भपकारा येत होता. भावाने त्याला सावंतवाडीच्या दवाखान्यात नेलं. बायको शेवंती मागे राहिली. तिला दारू देणाऱ्याचं तोंड बघायचं होतं. तिने उत्पादन शुल्क खात्यातल्या प्राजक्ताला फोन लावला.

"बाई, गावात दुकान नाय. मग ह्येका दारू गावली खंय?"

प्रश्न रास्त होता. हिवाळ्यात गावच्या बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं होतं. मतपत्रिकेवरची आडवी बाटली, म्हणजे दुकानबंदी, जिंकली; गुलाल उडाला. तेव्हापासून दत्ताराम प्यायला नव्हता. पुन्हा प्यायलास तर वाचणार नाहीस, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी गावात चोरून दारू मिळत होती. प्राजक्ताने दोनदा छापे घातले आणि दोन्ही वेळा हात हलवत परतली.

ती आधी पायवाटेवर गेली. एप्रिल महिना. काजूची बी काढून घ्यायची आणि बोंडू, म्हणजे तिच्या वरचं रसाळ फळ, झाडाखालीच टाकायचे, ही इथली रीत. डावीकडच्या बागेत सडक्या बोंडूंचा खच होता, माश्या घोंघावत होत्या. उजवीकडची बाग आनंदीची. तिथे जमीन लख्ख. प्राजक्ताला कौतुकच वाटलं. आनंदी दारूबंदी समितीची अध्यक्ष, मतदानाची लढाई तिनेच लढवली होती. अशा बाईची बागही नेटकीच असणार.

शेवंतीला घेऊन ती आनंदीकडे गेली. गुरं विकल्यापासून समितीच्या सभा आनंदीच्या गोठ्यात भरत. खुर्च्या मांडलेल्याच होत्या.

"दत्ताराम तुमच्या बागेजवळ पडला. कोणी दिसलं?"

"नाय ओ बाई. मी घरातच होतंय."

"बाग छान ठेवलीत. बोंडू कुठे टाकता?"

"गोरवांक घालतंय."

प्राजक्ताने गोठ्यातल्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"कुठल्या गुरांना?"

आनंदीचं तोंड उतरलं.

प्राजक्ताने घरामागे शोधलं, तर वाळक्या पानांच्या ढिगाखाली पिंपं निघाली. आंबलेला बोंडूचा रस, शेजारी भट्टीचं भांडं.

"दुकान बंद झालं आणि सगळं गिऱ्हाईक तुम्हाला मिळालं," प्राजक्ता म्हणाली. "म्हणून तर लढलात. आणि छाप्याआधी मी समितीच्या अध्यक्षांना विश्वासात घेत होते. मीच तुम्हाला सावध करत होते!" तिला स्वतःचाच संताप आला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दत्ताराम गेला होता.

शेवंती आनंदीकडे वळली. आनंदी पुटपुटली, "मी तेका बोलवूक नाय गो. तो आपणच इलो."

"मतदानाक मी भियालंय, तेव्हा तू माझो हात धरलंस," शेवंती म्हणाली. "म्हणालंस, शिक्को मार, तुझो घोव वाचतलो. माका खरां वाटलां, आनंदी." तिला हुंदका आवरेना. "तुझ्यापरीस दुकानवालो बरो. तो समोर बसान इकत होतो. माझो हात धरून न्हय."