भिंतीपलीकडची टकटक

"शू! परत वाजलं!" भिंगरीने भिंतीला कान लावला.

टक... टक... टक.

तिच्या धाकट्या भावाचा, ढब्बूचा, घास हातातच राहिला. "पलीकडचं घर तर रिकामं आहे गं!"

सुट्टीत मावशीकडे आल्यापासून भिंगरीला या जुन्या वस्तीचं वेड लागलं होतं. शंभर वर्षांपूर्वी इथे जोडीजोडीने घरं बांधलेली. मधली भिंत एकच. रंगीत काचांची दारं, पुढे झुकलेल्या खिडक्या, उतरती छपरं, सगळं सारखं. फक्त आरशात दिसावं तसं उलटं!

तेवढ्यात मावशी धावत आली. "माझी चिमणी कुठाय रे? लपाछपी खेळत होती ना तुमच्याबरोबर?"

भिंगरी चमकली. तिने भिंतीवर टकटक केली. पलीकडून उत्तर आलं. अगदी क्षीण.

बाहेर धुकं उतरत होतं. दुपारभर उघड्या असलेल्या शेजारच्या घराला दुरुस्तीचा मुकादम कुलूप लावत होता.

"काका, आमची चिमणी आत आहे!"

"सगळ्या खोल्या बघितल्यात मी. जुनं लाकूड वाजतं असं. पळा घरी!"

ढब्बूने साळसूद चेहरा केला. "बरं काका. पण आत नळ वाहतोय हं! नवी फरशी भिजेल!"

"अरे देवा!" मुकादमाने कुलूप काढलं, आणि दोघं त्याच्या बगलेखालून आत सटकली.

आत ओल्या चुन्याचा वास. सगळं ओळखीचं, तरी परकं! भिंगरीचा हात सवयीने जिन्याच्या उजवीकडच्या कठड्याकडे गेला आणि नुसत्या हवेत फिरला.

"ढब्बू, मावशीकडे जिन्याखाली उजवीकडे अडगळीचं दार आहे. म्हणजे इथे डावीकडे हवं!"

डावीकडे दार नव्हतंच. कोऱ्या फळ्या ठोकल्या होत्या. आणि आतून कुणीतरी नखांनी ओरखडत होतं.

"चिमणे!"

"ताई... मुकादमकाका ओरडतील म्हणून गप्प बसले... आता गुदमरतंय गं..."

मुकादम पांढराफटक पडला. त्याने पहार घातली. फळ्या कडाकडा उचकटल्या. धुळीने माखलेली चिमणी मागोमाग आलेल्या मावशीच्या कुशीत कोसळली आणि हमसून रडू लागली.

मुकादमाने पहार खाली ठेवली.

"बाई," तो मावशीला म्हणाला, "या दोघांना उद्या कामावर पाठवा. फळी ठोकण्याआधी प्रत्येक कोपरा यांना दाखवीन. यांनी 'हो' म्हटलं तरच खिळा!"

मावशीने दोघांना जवळ ओढलं. "पाठवीन. पण मोजून परत द्यायची हं माझी रत्नं!"