उतरत्या लिऱ्याची गोष्ट

परतूरच्या स्टेशनावर गाडी उशिरा असली की माणसं एकमेकांच्या हातातले कागद वाचतात. त्या थंडीत नाजियाच्या हातात आलेख होता. जालन्याच्या कॉलेजात एम.ए.ला तिनं प्रकल्प घेतला होता तो रुपया आणि तुर्कस्तानचा लिरा यांच्या जुन्या भावांचा. कागदावर निळी रेघ वरून निघे, नि खाली... आणखी खाली.

"कोणता घाट म्हणायचा हा? लईच उतार!" शेजारच्या बाकावरून कुणीतरी बोललं.

तिनं वळून पाहिलं. उंच पोरगा. भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले, डोळे हसरे. जिनिंगमधलाच कुणी असणार.

"घाट न्हाई, लिरा हाय. दोन हजार पाचला बत्तीस रुपयांना यायचा. आता साडेपाचला."

त्याचं हसू जरा मावळलं. "मंग माझं कसं व्हायचं? मी तिकडंच चाललोय. सूतगिरणीत मेकॅनिक म्हणून. पगार लिऱ्यातच."

"जायच्या आधी कुणाला विचारायचं तरी!"

"आता विचारूनच राह्यलो ना... तुम्हाला."

गाडी आली. ती चढली, तोही चढला. आणि जालना येईपर्यंत नाजियाला त्याचं नाव आमेर असल्याचं, त्याच्या घरी फरहीन नावाची भांडकुदळ बहीण असल्याचं, आणि आपला दुपट्टा उगाचच सारखा घसरत असल्याचं कळलं होतं.

मग गाड्या रोजच उशिरा याव्यात असं तिला वाटू लागलं.

तुर्कस्तानला निघायच्या दिवशी तो म्हणाला, "तिथं मला भाव कोण सांगंल?"

"मी सांगंन. पण ऐकायचं. पगार झाला की बराबर त्याच दिवशी घरी पाठवायचा. ठेवायचा न्हाई."

"हुकूम, मॅडम!" त्यानं कपाळाला हात लावला. नाजिया हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले ते तिनं धुळीवर ढकललं.

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की त्याचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला : "काय म्हणतोय लिरा?" ती भाव सांगायची. तो मुकाट ऐकायचा, पण पगार मात्र पाठवायचा नाही. त्यामागं कारण होतं. आदल्या सालात त्याच्या अब्बांनी कापूस न विकता खोलीत भरून ठेवला होता, घरभर खाज सुटली तरी काढला नव्हता. आणि उन्हाळ्यात असा भाव आला की सगळं परतूर बघत राहिलं.

"पडत्या भावात माल काढायचा नसतो, नाजिया. दम धरायचा."

"कापूस अन् लिरा एक न्हाई, आमेर. ह्याला उन्हाळा न्हाई."

"तू पुस्तकातलं बोलती. बघ, एकदा चढू दे... घरावर वरची खोली बांधतो. मंग अम्मी निकाहचा पैगाम घेऊन येईल तुमच्याकडं. रिकाम्या हातानं बिलकुल न्हाई."

खोली कशाला? ये ना तसाच... हे शब्द दर जुम्म्याला तिच्या ओठांपर्यंत येत. पण ज्याच्या मनात इतकी मोठी खोली उभी राहिली, त्याला हे कसं सांगावं? शेतात कापूस वेचणाऱ्या बाया म्हणतातच की —

पांढऱ्या गं बोंडाला वारा लागला सुटाया,
मनातली गोष्ट बाई, ओठी येईना फुटाया.

लिरा पाचाखाली गेला, मग चाराखाली. आमेर दम धरून होता. इकडे नाजियाच्या अब्बांच्या तोंडी तिच्यासाठी परभणीच्या एका शिक्षकाचं, मुजाहिदचं नाव येऊ लागलं. नाजिया घाबरली, आणि घाबरलेलं माणूस बोलतं ते भलतंच. त्या जुम्म्याला ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी ऐकलं असतंस तर आज खोली उभी राह्यली असती."



"बराबर हाय तुझं," आमेर म्हणाला.

पुढच्या जुम्म्याला फोन वाजला नाही. तिनंही केला नाही. आपलंच तर खरं ठरलं होतं! त्या खरेपणाला कवटाळून ती बसून राहिली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. अब्बांनी मुजाहिदबद्दल विचारलं तेव्हा तिनं होकाराची मान हलवली.

फरहीनच्या निकाहचं आवतण आलं, तसा तुर्कस्तानाहून आमेरही आला. रीतीप्रमाणे नवरीचा भाऊ म्हणून जेवण झालेल्यांच्या हातांवर पाणी घालायचं काम त्याच्याकडे. एका हातात तांब्या, दुसऱ्यात पितळी तस्त धरून तो बायकांच्या पंगतीतून वाकत वाकत येत होता. नाजियासमोर येऊन थांबला. वाळला होता. डोळे मात्र तेच.

"अम्मीला सांगून ठेवलंय," पाण्याच्या आवाजात तो हळूच बोलला. "फरहीनची पाठवणी झाली की तुमच्याकडं यायचं. रिकाम्या हातानं. चालंल ना...?"

 तिच्या बोटांवरचा सालनाचा रस्सा पाण्यानं धुऊन गेला, आणि खालून अंगठी उघडी पडली. नवी, साखरपुड्याची.

आमेरनं अंगठी पाहिली.

"मला खोली नकोच होती, आमेर," ती कुजबुजली. "कधीच नको होती."

"मंग सांगायचं ना..."

"तू भाव विचारायचा. मी भावच सांगत राह्यले."

"अन् मी ऐकून घ्यायचो," तो म्हणाला, "तू फोन ठेवू नये म्हणून. भावाचं कुणाला पडलं होतं?"

 तिचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"बस?" त्यानं विचारलं.

"थोडं अजून..."

तो घालत राहिला. तांब्या रिकामा होईपर्यंत. शेजारी बसलेल्या वयस्क खालांनी आपले हात पुढे करून हाक मारली, "अरे बेटा, इकडंही बघ जरा!"

"आलोच, खाला," आमेर म्हणाला, आणि पाणी भरून आणायला वळला.