उष्टा श्वास

मला दुसऱ्याचं उष्टं चालत नाही. सख्ख्या भावाच्या पेल्यातलं पाणीसुद्धा मी कधी प्यायले नाही. आणि नशिबी आलं काय, तर कारखान्याकारखान्यांतून प्रथमोपचार शिकवणं! म्हणजे दिवसभर माणसं एका रबरी पुतळ्याच्या तोंडात फुंकणार आणि मी ते तोंड पुसत बसणार. पुतळ्याला फक्त डोकं आणि छाती. ऑफिसात आम्ही त्याला अर्धेकाका म्हणतो.

त्या दिवशीचा वर्ग रंगाच्या कारखान्यात, जेवणाच्या हॉलमध्ये होता. माझा धाकटा भाऊ तिथेच पॅकिंगला. काकांच्या पिशवीची चेन उघडली आणि भपकन वास आला. दात न घासलेल्या तोंडाचा. ओठ ओले होते, कोपऱ्यात पांढरा फेस वाळलेला. आदल्या दिवशी मीच पुसून, वाळवून ठेवले होते की! शी! ऑफिसातल्याच कुणाचा तरी हलकटपणा, असं म्हणत मी तोंड स्पिरिटनं खसाखसा पुसलं, टेबलावर ठेवून सगळ्यांना अर्धेकाकांची ओळख करून दिली आणि वर्ग सुरू केला.

"आधी जागा सुरक्षित आहे का बघा. मग खांदे हलवून हाक मारा. उत्तर नाही, श्वास नाही, की लगेच अँब्युलन्सला फोन. छातीच्या मधोमध तीसदा दाबा. मग हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडातून दोन श्वास द्या. छाती वर येते का ते बघा."

एकेक जण फुंकून जात होता. प्रत्येकानंतर मी पुसत होते आणि फडक्याला दर वेळी जास्त लाळ लागत होती. चिकट, तार धरणारी.

"मॅडम, काकांना सर्दी झालीय वाटतं," सुपरवायझर म्हणाले. सगळे हसले. मला कसलं हसू येतंय? रबर गार असतं. हे ओठ कोमट होते.

शेवटी भाऊ आला. "ताई, काकांनी ब्रश केलाय ना?"

"चावटपणा पुरे. नाक धर आणि फुंक."

त्यानं फुंकलं. रबरी छाती वर आली आणि वरच राहिली. खरं तर हवा लगेच बाहेर यायला हवी. भाऊ सरळ उभा राहिला, "ताई, श्वास..." एवढंच म्हणाला आणि कोसळला.

मी धाडकन गुडघ्यांवर बसले. हलवलं, हाका मारल्या. श्वास नाही. "अँब्युलन्स बोलवा!" छाती दाबली, मग नाक धरून त्याच्या तोंडात श्वास दिला. किळस कुठल्या कुठे पळाली होती. आईला काय सांगू, एवढंच डोक्यात.

त्याची छाती हलली नाही. डोकं पुन्हा नीट मागे केलं, पुन्हा फुंकलं. नाहीच.

"मॅडम," सुपरवायझर पुटपुटले, "काका बघा."

मी फुंकलेला श्वास टेबलावरच्या रबरी छातीत चढत होता.

"तुम्ही दाबत राहा," मी त्यांना म्हटलं आणि टेबलाकडे धावले.

जवळून आंबूस वास आला. तोंडात, जिथे नुसती नळी असते तिथे, काहीतरी मऊ हललं.

डोळे मिटले. तोंड लावलं.

ते मऊ माझ्या दातांना लागलं.

मी फुंकलं.

"आली! छाती आली वर!" मागून सुपरवायझर ओरडले.

अँब्युलन्स येईपर्यंत मी फुंकत राहिले. भाऊ स्वतःहून श्वास घ्यायला लागला, तशी काकांना तिथेच टाकून मी त्याच्याबरोबर गेले.

भाऊ वाचला. दुसऱ्या दिवशी आई त्याला चमच्यानं दूध भरवत होती. मध्येच त्याच्या नाकपुड्या मिटल्या, हनुवटी वर गेली. मग त्यानं तोंड वेडंवाकडं केलं.

"शी गं ताई! तोंडात तंबाखूची चव आली. मी तर कधी खातही नाही."

मी बाहेर जाऊन ऑफिसला फोन लावला. "पुतळा कुठाय?"

"अहो, तुम्ही रजेवर ना? बस डेपोच्या वर्गाला पाठवलाय. भरपूर माणसं आहेत. आत्ताच सुरू झालाय."

मी परत आत आले. भाऊ चूळ भरून ओठ पुसत होता.

"आता कांदा," तो म्हणाला, आणि त्याची हनुवटी पुन्हा हळूच वर उचलली गेली.