एक फोल्डर मागे

"हिला श्वास घेता येत नाहीये..." काउंटरवर टोपली ठेवत तो म्हणाला. आत राखाडी मांजर, निपचित.

माझी मावशी जनावरांची डॉक्टर आणि तिच्या दवाखान्याची वेबसाइट, पेशंटच्या जुन्या नोंदींसकट, मी पीएचपी या भाषेत लिहिलेली. मावशीनं नवा एक्स-रे काढला, जुना मागितला. नेमकं आदल्याच दिवशी मी सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं होतं. स्क्रीनवर एकच — फाइल सापडत नाही.

"आहे हो तिथे," मी रडकुंडीला आले. "मला दिसतेय ती."

"मीही हेच काम करतो. बघू?" विचारून मगच तो वाकला. बाहीला मांजराचे केस चिकटलेले.

"तुम्ही लिहिलंय, एक फोल्डर मागे जा. पण कुठून मागे? नवा सर्व्हर स्क्रिप्ट भलत्याच फोल्डरमधून चालवतोय."

"मग?"

"या फाइलच्या स्वतःच्या फोल्डरपासून सुरुवात करा. 'डिर', दोन्हीकडे दोन-दोन अंडरस्कोर. मग 'रिअलपाथ'ला पूर्ण पत्ता विचारा. फाइल जागेवर नसेल, तर तो सरळ 'फॉल्स' म्हणतो."

मी ओळ बदलली. सर्व्हरच्या मुळापासूनचा अख्खा पत्ता उमटला, आणि एक्स-रे उघडला.

"छातीत पाणी झालंय, मागच्या वेळी नव्हतं," म्हणत मावशी मांजराला घेऊन आत गेली.

तेव्हा कुठे मला दिसलं — त्याचे हात थरथरत होते.

"मघाशी तर स्थिर होते," मी म्हणाले.

"मघाशी त्यांना काम होतं."

अशा माणसाकडे बघत राहू नये तर काय करावं...

मांजर वाचलं. तपासणीला येत राहिलं. मग ठणठणीत झालं, तरी येत राहिलं. कधी नखं, कधी कान, कधी "जरा गप्प गप्प वाटते."

एका दुपारी मावशीनं टोपलीचं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं.

"पेशंट कुठाय?"

"घरी..." माझ्याकडे बघत तो कानापर्यंत लाल झाला. "मला यांच्याशी बोलायचं होतं."

"माणसं मी तपासत नाही बाबा," म्हणून मावशीनं आत जाऊन दार ओढून घेतलं.

तो टोपलीचा दांडा चाचपत राहिला. "तुम्ही... मला फार आवडता."

मी आवाज कसाबसा सरळ ठेवला.

"मग इतके दिवस त्या बिचारीला कशाला दमवलंस?"