पाण्यातला कडुलिंब

अम्मीच्या कबरीशी उभं राहून एकदा तरी फातेहा पढायची, एवढ्यासाठी अतिया नेरहून माहेरी आली होती. धरणात त्यांचं जुनं गाव बुडालं, तेव्हा कब्रस्तानाची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली होती. आता भिंत उंचावणार, म्हणजे पुढल्या पावसाळ्यात तीही जाणार! मधल्या पाण्यावरच्या वाऱ्यात तराफा घालायला भोई तयार नव्हते. राहता राहिली तिच्या भावाची, जमीरची होडी.

जमीरचं घाटंजीत गॅरेज. पण उमेदीची वर्षं त्याने मुंबईच्या बंदरात शिडाच्या होड्या दुरुस्त करण्यात घालवली होती, आणि ती हौस काही जिरली नव्हती. भंगारातली एक होडी आणून त्याने उभी केली, तेव्हा अख्खी गल्ली हसली. शिडाच्या खालच्या दांडीला आवरणारा दोर त्याने, ओढायला जोर कमी लागावा म्हणून, चार कप्प्यांच्या चाकांवरून फिरवून दातेरी चिमट्यात धरला होता. ओढला की शीड ताणायचं, झटका देऊन सोडला की सैल पडायचं. सुकाणू त्याने स्वतःकडे ठेवलं आणि दोर बहिणीच्या हाती दिला. वाऱ्याचा झोत आला की लगेच सोडता यावा म्हणून दोर कुठंही बांधायचा नाही, असं दोनदा बजावलं.

होडी पाणी कापत निघाली. लांब कडुलिंबाचा शेंडा दिसत होता, त्याच्याच बुडाशी अम्मी. अतियाची नजर हलेना. पण चिमट्याचे दात झिजलेले. दोर सरके, शीड ढिलं पडे, होडी रेंगाळे. तिचा जीव टांगणीला लागला. त्यांच्या घरी जन्मभर कापसाच्या गाड्या भरलेल्या. दोर ढिला तर कापूस रस्त्यावर, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. तिने पाय रोवून दोर आवळला आणि तळाच्या कडीला दोन गाठी मारल्या.

आणि वावटळ आली! होडी कलंडली. काठावरून पाणी आत घुसलं.

"सोड!" जमीर ओरडला.

गाठ भिजून घट्ट झाली होती. नखं तुटली, गाठ सुटेना! जमीरने सुकाणू वळवलं, चाकू काढला, दोर कापला. शीड फडफडलं, दांडी दोघांच्या डोक्यावरून गेली, होडी सावरली.

उरलेला दोर चार कप्प्यांना पुरेना. जमीरने तो दोनच कप्प्यांतून ओवला. आता जोर दुप्पट लागणार होता.

"वापस जाऊ. तुह्या हातानं नाही झेपणार," तो म्हणाला.

"मले नेच, भाई. आता हातातच ठेवतो."

झोत आला की ती वीतभर सोडी, ओसरला की ओढून घेई. तळव्यांची सालटी निघाली. तिला पर्वा नव्हती.

ते पोचले, तर टेकडी नव्हतीच! यंदाच्या पाण्याने ती आधीच गिळली होती. वाळका शेंडा तेवढा वर होता. पाय टेकायलाही जागा नव्हती.

जमीरने होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं आणि हळूच म्हणाला, "दोर पुरा सोड. होडी थांबते."

तिने सोडला. शीड रिकामं फडफडत राहिलं आणि होडी शेंड्याजवळ थबकली. हात पसरून अतियाने फातेहा पढली. मग वाकून सोललेले तळवे पाण्यात बुडवले. ते चरचरले.

"अम्मी, मी आली," ती म्हणाली.

बऱ्याच वेळाने जमीरने निघायचं का विचारलं. वारा होडीला हळूहळू मागे रेटत होता. अतियाने सैल पडलेला दोर उचलला, पण ओढला नाही.

"दोर माह्या हातात हाय," अतिया म्हणाली. "थांब जरासा."